नाश्त्याच्या गाडीच्या खिडकीला गोलाकार प्लायची झडप



महाड–रायगड रस्त्यावर नाते गावाजवळ नाश्त्याची गाडी लावायची, तर कमाईचे दिवस आणि पाऊस जोडीनेच येतात. ६ जूनला गडावर शिवराज्याभिषेक दिनाची गर्दी असते. २०२० मध्ये ३ जूनलाच निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं होतं. झड आली की विक्रीच्या खिडकीतून पाणी आत येतं, पोहे-पीठ भिजतं आणि तो दिवस फुकट जातो. ताडपत्री वाऱ्याने फडफडते. त्यापेक्षा प्लायची झडप टिकते.

गोलाकार का? पातळ सपाट प्लाय वाऱ्याने लवतो. तोच बाक देऊन बसवला की ताठ राहतो आणि पाणी ओघळून जातं.

सामान : ४ मि.मी. प्लायचा ८ × ४ फुटी एक ताव, १८ मि.मी.चे तुकडे, लाकडी पट्ट्या, पाण्यात टिकणारा मरीन डिंक, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या, प्रायमर, ऑइलपेंट. प्लायवर ‘एम.आर.’ असेल तर तो घरातल्या फर्निचरचा, पावसात फुगतो. ‘बी.डब्ल्यू.आर.’ किंवा आय.एस. ७१० शिक्का बघूनच घ्या.

खिडकी ३ फूट रुंद, २ फूट उंच धरू.

१. १८ मि.मी. प्लायवर २८ इंचांची सरळ रेघ मारा. दोन्ही टोकांना खिळे ठोका. मधोमध ४ इंच वर तिसरा खिळा. बांबूची कामटी त्यावर वाकवा आणि रेघ ओढा. रेघेच्या खाली दीड इंच जास्त सोडून कापा. असे तीन साचे करा. करवत चालवायची सवय नसेल तर एवढं काम सुताराकडून करून घ्या.

२. साचे दोन कडांना आणि मध्ये ठेवून वर-खाली पट्ट्यांनी जोडा. एकूण रुंदी ४० इंच.

३. तावातून ४० × ३० इंचांचे दोन तुकडे काढा. ४० इंच तावाच्या लांब बाजूला घ्या. वरच्या रेषा आडव्या राहिल्या की प्लाय सहज वाकतो, उभ्या राहिल्या तर तडकतो.

४. पहिला तुकडा मधून कडांकडे स्क्रू मारत बसवा. त्यावर डिंक लावून दुसरा बसवा, दोरीने आवळून एक दिवस ठेवा.

५. जास्तीची कड घासून काढा. प्लाय कडेतून पाणी पितो, म्हणून कडांना प्रायमर आणि रंगाचे दोन हात जास्त द्या.

६. वर बिजागऱ्या, खाली दोन कड्या. बिजागरीवर जुन्या ट्यूबची पट्टी मारा.

वापरताना : पावसात टेकू लावून झडप अर्धीच उघडा. जास्त उचलली तर पाणी मागे बिजागरीकडे येतं. गाडी हलवताना दोन्ही कड्या लावा. झडप बंद असताना गॅस पेटवू नका. गळती झाली तर गॅस जड असल्याने खालीच साचतो.

“हे पुरुषांचं काम” असं कोणी म्हणेल. माप घेणं, आखणं, डिंक लावणं, रंगवणं, यात आपल्याला न जमण्यासारखं काय आहे?

पुढच्या बैठकीत ठरवा : खिडकीचं माप कोण आणणार, दोन दुकानांतले भाव कोण विचारणार, खर्चाची नोंद वहीत कोण करणार? मेअखेर झडप बसलीच पाहिजे.