मुलांच्या हाती मोबाईल आणि पालकांची जबाबदारी

आज कोणत्याही वस्तीत, कोणत्याही कॉलनीत जा, चार पालक एकत्र आले की बोलणे फिरून फिरून मोबाईलवर येते. पोरगा जेवताना मोबाईल सोडत नाही, मुलगी रात्री पांघरुणात घेऊन बसते, अभ्यासाचे नाव सांगतात आणि व्हिडिओ पाहतात, अशा तक्रारी असतात. त्या खोट्या नाहीत. परंतु या तक्रारी बहुतेक वेळा तासांच्या असतात. मूल किती वेळ पाहते याचा हिशोब आपण ठेवतो. काय पाहते, कोणाशी बोलते आणि त्यातले आपल्याला किती सांगते, हा हिशोब कोणी मांडत नाही. आमच्या मते खरा धोका या दुसऱ्या हिशोबात आहे, आणि या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

तसा पडदा आपल्याला नवा नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतर कित्येक वर्षे चाळीत एखाद्या-दुसऱ्या घरीच टी.व्ही. असे आणि रविवारच्या चित्रपटाला त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत पोरे दाटीवाटीने बसत. पोरे बिघडतील ही भीती तेव्हाही बोलून दाखवली जात होतीच. परंतु तो पडदा सर्वांचा होता. पोर जे पाही तेच त्याची आजी पाही, शेजारची मावशी पाही. काही वावगे दिसले तर कोणी तरी उठून बटण फिरवी. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सुरू केले. काही वर्षे ते सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून वापरावे लागे. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि ते खिशात आले. म्हणजे पडदा तळहाताएवढा झाला आणि शेजारी बसून पाहणारे कोणी उरले नाही. फरक पडला आहे तो येथे.

'मोबाईल देऊच नका' असा सल्ला काही मंडळी देतात. हा सल्ला देणाऱ्यांनी मार्च २०२० आठवावा. शाळा बंद झाल्या आणि शाळा मोबाईलवर आली. ज्या घरात एकच मोबाईल होता आणि तो घेऊन वडील कामावर जात, त्या घरातील मुलाची शाळा वडील परत येईपर्यंत सुरूच होत नसे. त्या काळात अनेक आई-बापांनी उसनवारी करून मोबाईल घेतले. आज पाठ्यपुस्तके ई-बालभारतीवर मोफत मिळतात, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो, प्रवेशाच्या याद्या मोबाईलवर पाहाव्या लागतात. ज्यांच्या घरी शिक्षणाशिवाय दुसरी इस्टेट नाही, त्यांनी या साधनाकडे पाठ फिरवणे परवडणारे नाही.

पण साधन हाती आले म्हणजे त्याचा उपयोग शिक्षणासाठीच होतो असेही नाही. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ सालचा अहवाल पाहावा. १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मागील आठवड्यात त्यावर काही अभ्यासाचे काम केल्याचे सांगणारी मुले ५७ टक्के होती, आणि सोशल मीडिया वापरल्याचे सांगणारी ७६ टक्के.

यात दोष एकट्या मुलाचा नाही, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. कोणत्या चित्रावर बोट किती क्षण थांबले याची नोंद होते आणि त्यावरून पुढचे चित्र निवडले जाते. ही ॲप्स फुकट असतात, कारण त्यांचे उत्पन्न जाहिरातीतून येते. जितका वेळ डोळे पडद्यावर, तितकी जाहिरात जास्त. बारा वर्षांच्या पोराच्या समोरच्या बाजूला पगारी, हुशार इंजिनिअरांची फौज बसलेली आहे. 'मनावर ताबा ठेव' असे त्या पोराला सांगणारे आपण स्वतः रात्री अकरापर्यंत रिल्स चाळत असतो, हे सोडून द्या.

वयाच्या अटी आहेत. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप यांसाठी किमान १३ वर्षांची अट आहे. पण जन्मवर्ष चुकीचे लिहिले की दहा वर्षांचा मुलगा कंपनीच्या दप्तरी मोठा माणूस होतो. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून, त्याची माहिती घेण्यासाठी पालकांची संमती सांगितली आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख सोशल मीडियावर खाते ठेवण्यास मनाई केली. कायदे व्हावेत, चांगलेच आहे. पण घरातील मुलगा रात्री कोणाशी बोलतो आहे, हे पाहायला कायदा घरी येत नाही.

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. तेथे या प्रश्नाची एक बाजू दिसते, ती बहुधा शिक्षकांनाही दिसत नसावी. आपल्या अनेक घरांत मुलगा किंवा मुलगी हीच वडिलांची कारकून असते. रिचार्ज तेच करतात, विजेचे बिल तेच भरतात, इंग्रजीतला मेसेज तेच वाचून दाखवतात. त्यामुळे यू.पी.आय.चा पिन वडिलांनी स्वतःच मुलाला सांगितलेला असतो. मग कधी तरी खेळातली खोटी नाणी, खोट्या बंदुका विकत घेण्यासाठी पन्नास, शंभर रुपये खात्यातून जातात. पहिल्यांदा कळते तेव्हा मुलगा मार खातो. येथपर्यंत घरगुती गोष्ट आहे. पुढची गोष्ट मात्र तशी राहत नाही.

एका गृहस्थांचा प्रसंग सांगतो. त्यांच्या मुलाला खेळात भेटलेल्या एका अनोळखी माणसाने 'फुकट नाणी देतो, पैसे घेण्यासाठी पिन टाक' असे सांगितले. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. पैसे गेले हे त्याला त्याच संध्याकाळी कळले होते. पण महिन्यापूर्वी पन्नास रुपयांसाठी पट्ट्याने मार बसला होता, म्हणून तो गप्प राहिला. आलेला मेसेजही त्याने पुसून टाकला. तीन दिवसांत आणखी दोनदा रक्कम गेली. चौथ्या दिवशी वडील पासबुक भरून घ्यायला आले, तेव्हा नोंदी दिसल्या. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांचे तत्त्व असे होते की, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे पिन वगैरे सांगितल्यामुळे, पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे मुलाने पहिल्याच संध्याकाळी सांगितले असते तर पुढच्या दोन रकमा वाचण्यासारख्या होत्या. १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार गेली तर पहिली रक्कमही वाटेत अडवण्याची शक्यता असते. त्या घरातले पैसे लबाडाने नेले हे खरेच. पण ते नेण्यासाठी त्याला चार दिवस मिळाले ते मुलाच्या भीतीमुळे.

(पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे. ज्यांच्या घरात तरुण मुले आहेत त्यांनी तो माहीत करून घ्यावा.)

पैशाच्या बाबतीत जे होते तेच इतर बाबतीतही होते. वर्गाच्या ग्रुपमध्ये कोणी तरी आरक्षणावरून विनोद टाकतो, जातीवरून टोमणा मारतो, आणि आपले मूल ते एकटेच वाचते. पूर्वी असे बोल शाळेच्या मैदानावर ऐकू येत, तेव्हा सोबत दोन मित्र असत आणि घरी आल्यावर चेहऱ्यावरून आईला कळे. आता ते बोल मुलाबरोबर अंथरुणात येतात. एखाद्या मुलीचा फोटो बदलून फिरवला जातो आणि तिला धमकी दिली जाते. अशा वेळी मुलाच्या मनात पहिला विचार काय येतो? 'घरी सांगितले तर मोबाईल जाईल.' मोबाईल जाणे म्हणजे त्याच्या दृष्टीने मित्र जाणे, वर्गाचा गृहपाठ जाणे. म्हणून ते सोसते आणि गप्प बसते. धमकी देणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक कठीण आहे, आणि येथे आपण थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. मुलाने चूक केली तर मोबाईल आठवडाभर काढून घेतला जातो. मुलीला कोणी त्रास दिला, तरी तिचाच मोबाईल कायमचा जातो, आणि काही घरांत मोबाईलमागोमाग कॉलेजही जाते. 'असर'च्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयातील, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के होते आणि मुली १९.८ टक्के. मग शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओ.टी.पी. भावाच्या मोबाईलवर येतो, भाऊ बाहेर असतो, आणि शेवटची तारीख निघून जाते. मुलीला सुरक्षित ठेवण्याच्या नावाखाली आपण तिला परावलंबी करून ठेवतो. बरे, ती सुरक्षित तरी होते काय? मैत्रिणीच्या मोबाईलवर ती पाहतेच. फक्त तेथे काही वाईट घडले तर ते घरापर्यंत येत नाही.

नियम नकोत असे आमचे म्हणणे नाही. नियम हवेतच, पण ते घरातील सर्वांसाठी हवेत. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तेथे १४ ऑगस्ट २०२२ च्या ग्रामसभेत ठरले की रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतील टी.व्ही. व मोबाईल बंद राहतील. या वेळात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा सेविका घरोघरी फिरल्या, समजावून सांगितले. या प्रयोगाचे आम्हांला विशेष वाटते ते असे की भोंगा बापालाही लागू होता. 'तू अभ्यास कर' असे म्हणून स्वतः बातम्या लावणाऱ्या घरात मूल दरवाजाआडून पडदाच ऐकत असते. मालिका बंद ठेवणाऱ्या आईचे आणि मोबाईल फळीवर ठेवणाऱ्या बापाचे म्हणणे मुलाला वेगळे पटते. आपल्याकडे भोंगा नको. पण सात ते साडेआठ ही वेळ कॉलनीतील दहा घरांनी मिळून ठरवली, तर 'त्यांच्याकडे चालते, मलाच का नाही' ही मुलांची तक्रारही आपोआप मिटते.

अगदी लहानांविषयी थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा मुळीच नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको, त्याहूनही कमी असेल तर उत्तम. घास भरवताना मोबाईल समोर धरणाऱ्या आयांनी आणि आज्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मोठ्या मुलांच्या बाबतीत आम्ही आमच्या ओळखीच्या पालकांना एक गोष्ट करून पाहायला सांगतो. आठवड्यातून एकदा मुलाशेजारी बसावे आणि 'मला हे शिकव' म्हणावे. कोणते ॲप, त्यात काय असते, कोण बोलते, काय आवडते. आपल्याला इंग्रजी येत नाही याची लाज बाळगू नये. शिकवताना मूल आपण होऊन पुष्कळ सांगून जाते. आणि घरात आधीच, काही घडण्यापूर्वी, एक शब्द द्यावा: चूक झाली, कोणी त्रास दिला, पैसे गेले, तर त्याच दिवशी सांगायचे, सांगितल्याबद्दल मार बसणार नाही आणि मोबाईलही जाणार नाही. चुकीची शिक्षा वेगळी, सांगण्याची शिक्षा नाही. हा शब्द पहिल्या प्रसंगी मोडला तर दुसरा प्रसंग मूल सांगणार नाही. ज्यांचा पिन मुलांना ठाऊक आहे त्यांनी तो बदलून, रोजच्या वापरासाठी थोडीच रक्कम असलेले वेगळे खाते मोबाईलला जोडावे. यात बँकेतील कोणीही मदत करील.

आणखी एक सूचना. पैशाची फसवणूक झाल्यास १९३०, मूल संकटात असल्यास १०९८, हे दोन क्रमांक सभागृहाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावेत. महिला व बालकांविषयीची तक्रार केंद्र शासनाच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर नाव न देताही करता येते, हेही त्याखाली लिहावे. जी मुले घरी सांगू शकत नाहीत, ती येता-जाता निदान ते वाचतील.