कागदावर स्वतंत्र, कामावर नोकर

भरे, ता. मुळशी, जि. पुणे

चि. बाळास,



तू पाठवलेला करार दोनदा वाचला. बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग, दिवसाला 6,000 रुपये, आठवड्यातून तीन दिवस हिंजवडी आणि उरलेले दोन दिवस घरून. घोटवडे-माण रस्त्याने भऱ्यातून जाऊन-येऊन करता येईल, खोलीभाडं वाचेल, हे सगळं चांगलंच आहे. तुझ्या आईने 'पोरगा बँकेत लागला' म्हणून आळीभर पेढे वाटले. पण बाळा, तू बँकेत लागलेला नाहीस. तुझा करार बँकेला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीशी आहे आणि त्या एजन्सीचाही तू नोकर नाहीस. तू 'स्वतंत्र सल्लागार' आहेस, असं पहिल्याच पानावर लिहिलंय.

आता पुढची पानं बघ. हजेरी साडेनऊ ते साडेसहा, रजेला मॅनेजरची मंजुरी, लॅपटॉप बँकेचा, दुसरं काम घ्यायला मनाई. हे सगळं नोकराला लागू पडणारं. आणि पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही, नुकसान झालं तर सगळी भरपाई तुझ्याकडून. हे ठेकेदाराला लागू पडणारं. आपल्याकडे भातलावणीच्या मजुरीला गेलेला माणूस संध्याकाळी पैसे घेऊन घरी येतो. शेत खंडाने करणाऱ्याला पावसाने दगा दिला तरी खंड चुकत नाही, पण पीक साधलं तर चार पैसे त्याचेच. दोन्ही मार्ग इज्जतीचे. मात्र मिळकत मजुराची आणि जोखीम खंडकऱ्याची, असा सौदा मुळशीत कुणी करणार नाही. तुझ्यापुढे ठेवलाय तो नेमका हाच.

बँकांच्या दुनियेत हा प्रकार नवा नाही. पिरंगुटच्या बाजारात संध्याकाळी पिग्मीवाले फिरताना तू लहानपणापासून पाहतोस. हातात मशीन, खांद्याला पिशवी. दुकानदार गल्ल्यातून शंभराची नोट काढतो, मशीनमधून चिटोऱ्याएवढी पावती निघते, की गडी पुढच्या दुकानात. जमा होईल त्यावर कमिशन. दुकान बंद, तर कमिशनही बंद. ही पद्धत 1928 साली दोन आणे रोजच्या बचतीवर सुरू झाली ती उडुपीच्या एका छोट्या बँकेत, जी पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आली. हे आमचे एजंट आहेत, नोकर नव्हेत, असं बँकांचं म्हणणं होतं. 1980 साली हा वाद हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला 2001 साली. न्यायालयाने सांगितलं, की बँकेचं यांच्या कामावर नियंत्रण आहे, म्हणून हे कायद्याच्या अर्थाने कामगारच. त्यांना किमान रक्कम, वाहनभत्ता आणि ग्रॅच्युइटीसारखी भरपाई मान्य झाली. कायम कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणी मात्र मिळाली नाही.

यातून दोन गोष्टी ध्यानात ठेव. करारात तुला काय म्हटलंय यापेक्षा तुझ्यावर हुकूम कुणाचा चालतो, हे कायदा बघतो. आणि ते सिद्ध करण्यात उमेदीची वर्षं जातात, म्हणून भांडायचं ते सहीच्या आधी. लंडनमधल्या बँकांत कंत्राटावर काम करणाऱ्या आपल्या मराठी मुलांनाही हे ठाऊक आहे. तिथे स्वतःची छोटी कंपनी काढून बँकेत नोकरासारखं काम करणाऱ्यांसाठी 2000 सालापासून वेगळा कर-नियम आहे. एप्रिल 2021 पासून 'हा खरा ठेकेदार की नोकर' हे ठरवायची जबाबदारी मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांवरही आली. हा बदल येणार म्हटल्यावर अनेक बँकांनी अशा कंपन्यांमार्फत माणसं घेणंच थांबवलं.

आता पैशांकडे वळू. तू महिन्याचे 22 दिवस धरून वर्षाचे 15,84,000 मोजलेस. शनिवार-रविवार सोडले की वर्षात 261 दिवस उरतात. त्यातून बँकेच्या सुट्ट्या काढ, गणपती-दिवाळी आणि चार दिवसांचा ताप काढ, एक कंत्राट संपून दुसरं लागेपर्यंतचा महिना काढ. हातात 210 दिवस राहिले तर भाग्य समज. म्हणजे 12,60,000. त्यातून आरोग्य विमा तुझा, म्हातारपणाची शिल्लक तुझी, सीएची फी तुझी आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला 2,500, तोही स्वतः नाव नोंदवून भरायचा. जे 15-16 लाख तुझ्या डोक्यात आहेत ते खरोखर हवे असतील, तर दिवसाचा दर 7,500 च्या खाली परवडत नाही.

कराचं म्हणशील तर त्यात गोड आणि कडू दोन्ही आहे. 1 एप्रिल 2026 पासून आयकराचा नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले, पण लोकांच्या तोंडी जुनेच आहेत म्हणून तेच लिहितो. एजन्सी '194 जे'खाली टीडीएस कापेल. तुझ्या कराराप्रमाणे 10 टक्के, म्हणजे वर्षाला 1,26,000. माहिती तंत्रज्ञान हा सरकारने अधिसूचित केलेला व्यवसाय असल्याने तुला '44 एडीए'चा मार्ग खुला आहे. जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाच्या वह्या ठेवायची गरज नाही. तुझं उत्पन्न 6,30,000 धरलं जाईल आणि नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत सवलत असल्याने कर शून्य. कापलेले सगळे पैसे परत येतील, पण विवरणपत्र भरल्यानंतर. तोवर सव्वा लाख सरकारकडे अडकून राहणार. ते टाळायचं असेल तर कमी कपातीचा दाखला आधीच मागता येतो. टीडीएस जमा झाला की नाही हे दर तिमाहीला '26 एएस' या करजमेच्या उताऱ्यात स्वतः तपास. कापले पण भरले नाहीत, असं करणारे महाभाग असतात.

कडू भाग असा. निम्मं उत्पन्न दाखवायची ही सवलत खऱ्या व्यावसायिकासाठी आहे. हजेरी, रजा, हुकूम सगळं नोकरीचं असेल तर उद्या आयकर अधिकारी याला पगार म्हणू शकतो आणि निम्म्याचं गणित कोसळतं. दुसरं, बँकेच्या कर्ज विभागात माझा जन्म गेला म्हणून सांगतो, घरकर्ज मागायला जाशील तेव्हा बँक तुझं विवरणपत्र बघेल. तिथे सहा-सव्वासहा लाख लिहिले असतील तर कर्जही त्याच मापाने मिळेल. तिसरं, वर्षाची जमा 20 लाखांवर गेली की 18 टक्के जीएसटी आला. तुझ्या करारात दर 'सर्व करांसह' आहे. तो तसाच राहिला तर जीएसटी तुझ्या खिशातून जाईल. 'जीएसटी वेगळा' असं लिहून घे.

कलमांवर घासाघीस करताना कुठे अडायचं आणि कुठे नाही, हे कळायला हवं. गोपनीयता, पार्श्वभूमीची तपासणी, ऑडिटला कागद दाखवणं, यावर वाद घालू नकोस. आयटीची कामं बाहेर देण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. काम कुणाकडूनही करून घेतलं तरी जबाबदारी बँकेचीच राहते, म्हणून ती हे सोडू शकत नाही.

अडायचं ते पुढच्या गोष्टींवर. पान नऊवर 'बँकेकडून रक्कम आल्यानंतर' तुझे पैसे देऊ असं आहे. ते काढायला लाव, इनव्हॉइसपासून 30 दिवस लिहून घे. सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी फुकट होते, ती कर. 2006 च्या कायद्याने सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत टळली की प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च एजन्सीला आयकरात वजा मिळत नाही. इनव्हॉइसवर उद्यम क्रमांक दिसला की अकाउंटवाले जागे होतात. नोटीस एजन्सीला सात दिवसांची आणि तुला 60 दिवसांची आहे, ती दोघांना सारखी हवी. भरपाईला मर्यादा घाल, फार तर तीन महिन्यांच्या मानधनाइतकी. बँकेचा डेटा फुटला तर आपलं घर विकूनही तो खड्डा भरणार नाही. कंत्राट संपल्यावर वर्षभर दुसऱ्या बँकेचं काम करायचं नाही, या अटीला मात्र घाबरू नकोस. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे अशी अट टिकत नाही. तू आधी स्वतःसाठी लिहिलेली टेस्टिंगची साधनं परिशिष्टात नावानिशी नोंदव, नाहीतर तीही त्यांची होतील. आणि हमी म्हणून सही केलेला कोरा चेक मागितला तर तिथून उठून ये. चेक वटला नाही तर फौजदारी मागे लागते.

माझं मत विचारशील तर तुला अनुभव दोनच वर्षांचा आहे, गाठीला सहा महिन्यांचा खर्चही नाही. एजन्सीला सांग, हजेरी हवी असेल तर मला निश्चित मुदतीच्या नोकरीत घ्या. नोव्हेंबर 2025 मध्ये कामगार संहिता लागू झाल्यापासून अशा नोकरीत एक वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. हातात थोडं कमी आलं तरी चालेल. ते जमत नसेल तर हजेरी आणि दुसऱ्या कामाची बंदी काढा, भरपाईला मर्यादा घाला आणि दर 7,500 करा. यांपैकी एकही मान्य नसेल, तर त्यांना स्वस्तात नोकर हवाय, आणि तो तू होऊ नकोस.

हे फोनवर बोलू नकोस, मेल कर. उत्तरही मेलवरच घे. रविवारी येताना कराराची छापील प्रत आण, मोबाइलवर चौदा पानं माझ्या डोळ्यांना झेपत नाहीत. पौडला माझ्या ओळखीचे सीए बसतात, सही करण्याआधी त्यांच्याकडे जाऊन येऊ. आईला सध्या यातलं काही सांगू नकोस, पेढे वाटून झालेत.

तुझा,
मामा