पीटीच्या तासानंतर गणित डोक्यात शिरतं का?

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. पोर्शन मागे राहिला की त्याच्या शाळेत पीटीचा तास गणिताला देतात. बाई म्हणतात, ‘मैदानावरून घामाघूम होऊन आलेल्या मुलांचं चित्त थाऱ्यावर नसतं.’ मला तर वाटतं, खेळून आलं की डोकं चांगलं चालतं. खरं काय?
— एक पालक, सातारा

उत्तर : तुमचं म्हणणं खरं आहे आणि बाईंचंही अगदीच चूक नाही. धाप लागलेली असताना कुणालाच अपूर्णांक सुचत नाहीत. पण दम खाऊन झाला की चित्र पालटतं.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन आणि सहकाऱ्यांनी नऊ-दहा वर्षांच्या २० मुलांवर केलेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. मुलं एके दिवशी २० मिनिटं ट्रेडमिलवर झपझप चालली, दुसऱ्या दिवशी नुसती बसून राहिली. चालून झाल्यावर लगेच लक्षाची चाचणी घेतली नाही. हृदयाचे ठोके जवळपास पूर्ववत होऊ दिले. अशा चाचणीत पडद्यावर ओळीने पाच बाण दिसतात. कधी कडेचे चार डावीकडे, तर मधला उजवीकडे. कडेच्यांकडे काणाडोळा करून फक्त मधल्याची दिशा सांगायची. शेजारचा मुलगा खुसफुसत असताना फळ्याकडे बघायचं, तसंच हे. चालण्याच्या दिवशी उत्तरं जास्त अचूक आली आणि उतारा वाचून समजण्यातही मुलं सरस ठरली.

कारण काय? चालण्या-धावण्याने मेंदूचा रक्तपुरवठा वाढतो. शिवाय सावधपणाशी आणि लक्षाशी संबंध असलेली नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन ही रसायनंही वाढतात. अर्थात हा परिणाम थोडा वेळच टिकतो. एकदा पळून आलं की वर्षभर गणित पक्कं, असं होत नाही.

आता राहिला पोर्शन. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या त्र्वा-रिव्हिएर भागात १९७०च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या मुलांना रोज एक तास जादा व्यायाम दिला. त्यासाठी इतर विषयांचा वेळ सुमारे १३-१४ टक्के कापला. तरीही अभ्यासात ही मुलं एकंदरीत मागे पडली नाहीत.

तेव्हा पालकसभेत तीन गोष्टी मागा. पीटीचा तास कुणाला द्यायचा नाही. तो अवघड विषयाच्या आधी ठेवायचा आणि मधे पाणी पिऊन स्थिरस्थावर व्हायला पाच-दहा मिनिटं द्यायची. आणि चुळबुळ्या मुलाला शिक्षा म्हणून मधल्या सुट्टीत वर्गात बसवायचं नाही, कारण पळण्याची गरज सगळ्यात जास्त त्यालाच असते. मैदान लहान असेल तर लंगडी, दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कारही चालतील. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते. आठवड्यातले एक-दोन पीटीचे तास त्या मानाने आधीच तोकडे आहेत. निदान तेवढे तरी मुलांना मिळू द्या.