संगणक पाठ : कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे?



जुन्या संगणकाची हार्डडिस्क खराब होऊ लागली की नवी डिस्क आणून तिच्यावर जुनीची हुबेहूब नक्कल उतरवतात. तिला ‘क्लोन’ म्हणतात. पण पुष्कळदा नक्कल पुरी होऊनही संगणक जुन्याच डिस्कवरून सुरू होतो, किंवा मुळीच सुरू होत नाही. असे का होते?

बटण दाबताच प्रथम मदरबोर्डवरील ‘बायॉस’ जागा होतो. तो यंत्राची तपासणी करतो आणि ठरलेल्या क्रमाने एकेक डिस्क पाहतो. डिस्कचा पहिला कप्पा 512 बाइटचा. त्यात सुरुवातीची आज्ञावली, विभागांचा तक्ता आणि डिस्कची 4 बाइटची ओळखखूण असते. क्लोनमध्ये ही खूणही तशीच उतरते. एका वर्गात एकाच हजेरी क्रमांकाचे दोन विद्यार्थी बसले तर जो गोंधळ होईल, तोच इथे होतो. विंडोज 7 अशा वेळी दोहोंपैकी एक डिस्क ‘ऑफलाइन’ ठेवते.

दोष शोधण्याचा क्रम असा :

1. संगणक बंद करून प्लग काढा. जुनी डिस्क सोडवा आणि पहिल्यांदा फक्त नवीवर सुरू करून पाहा.

2. सुरू झाला, तर नक्कल ठीक आहे, दोष क्रमाचा. बायॉसमध्ये नवी डिस्क वर आणा. काही यंत्रांत दोन याद्या असतात : एक साधनांची (सीडी, हार्डडिस्क), दुसरी हार्डडिस्कची आपापसांतील. दुसरी पाहायची हमखास राहते.

3. बायॉसला डिस्क दिसतच नसेल, तर केबल तपासा. रुंद पट्टीच्या आयडीई केबलवर दोन डिस्क असल्यास जंपर लावून एक ‘मास्टर’ व दुसरी ‘स्लेव्ह’ करावी लागते. साटा डिस्कला ही गरज नाही.

4. दिसते पण सुरू होत नाही? मग नुसत्या फायली उतरल्या असतील आणि पहिला कप्पा राहिला असेल, किंवा विभागावर ‘ॲक्टिव्ह’ खूण नसेल.

5. क्रम दर वेळी विसरला जातो, तारीखही मागे जाते? मदरबोर्डवरील 3 व्होल्टचा सीआर2032 सेल बदला.

पालक व विश्वस्तांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. नक्कल करताना ‘कोठून’ आणि ‘कोठे’ यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरते आणि दाखले, निकालपत्रके, हिशेब सारे पुसले जाते. दोन्ही डिस्क एकाच मापाच्या असतील तर त्यांवरील अनुक्रमांक आधी कागदावर लिहून घ्यावेत. डिस्क खडखडत असेल तर आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे काढाव्यात, मग क्लोन. आणि नवी डिस्क नीट चालते अशी खात्री होईपर्यंत जुनी पुसू नये.

स्वाध्याय
1. क्लोननंतर पहिल्यांदा जुनी डिस्क का सोडवावी?
2. बायॉसमधील दोन याद्यांत फरक काय?
3. घरच्या संगणकाचा बूट क्रम वडीलधाऱ्यांसमवेत पाहा आणि काहीही न बदलता वहीत लिहा.