पलटणीची शाळा

आमचा थोरला दादा सैन्यात भरती झाला आहे. आता तो बेळगावला शिकायला जाणार. आजी म्हणाली, "आरं, पोरगं चांगलं पळतंय. मग सरळ सीमेवर का न्हाई धाडत? पुन्यांदा शाळा कशापायी?" मलाही तसेच वाटले. म्हणून मी शेजारच्या फौजी काकांना विचारले.

काका म्हणाले, पळता सगळ्यांनाच येते. पण नेम धरणे, बंदूक साफ ठेवणे, नकाशा वाचणे हे तिथे शिकवतात. शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. एकाची चूक झाली की सगळ्यांना पळवतात, कारण लढाईत एक चुकला तर सगळ्यांच्या जिवावर बेतते. काका पहिल्या आठवड्यात पांघरुणात रडले होते. (मी लिहू का विचारले, तर लिही म्हणाले.) शेवटी कसम परेड होते, मग रंगरूट शिपाई होतो.

बेळगावचे केंद्र मराठा लाईट इन्फंट्रीचे आहे. तिची जुनी पलटण इंग्रजांच्या कंपनीने १७६८ साली मुंबईत उभी केली. लाईट म्हणजे हलकी, झपाझप चालणारी. केंद्र बेळगावला १९२२ पासून आहे. तोफवाल्यांची अशी शाळा नाशिक रोडला आणि रणगाडेवाल्यांची अहिल्यानगरला आहे.

दादा अग्निवीर आहे. ही भरती २०२२ साली सुरू झाली. नोकरी ४ वर्षांची. पुढे चारांतला एकच ठेवतात म्हणून आई काळजी करते. दादा म्हणतो, तो एक मीच.

सोमवारी तो निघणार. म्हशीला पाणी दाखवायचे काम आता माझ्याकडे आले आहे.