अर्थपरिवर्तन : ‘नाइस’ या इंग्रजी विशेषणाचा अभ्यास

अर्थसंकोच व अर्थविस्तार यांनंतर आता अर्थोत्कर्षाचे एक उदाहरण पाहू.

व्युत्पत्ती व अर्थ : ‘चांगला, सुखद’ या अर्थाच्या ‘नाइस’ या विशेषणाचे मूळ ‘नेस्कियुस’ या लॅटिन शब्दात आहे. ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. म्हणून मूळ अर्थ ‘अजाण’. जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता. पुढे ‘चोखंदळ’, ‘काटेकोर’, ‘सूक्ष्म’ या अर्थांमधून जात १८ व्या शतकात ‘सुखद’ हा अर्थ रूढ झाला. सूक्ष्म भेदाला आजही ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात.

उपयोजन : मँडरिन चिनीत विशेषण स्वतःच विधेय होते, ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद लागत नाही. ‘ता हेन हाओ’ म्हणजे शब्दशः ‘तो फार चांगला’. या सवयीमुळे चिनी भाषक विद्यार्थी ‘शी इज नाइस’ऐवजी ‘शी व्हेरी नाइस’ म्हणण्याचा संभव असतो. मराठीत ‘चांगला-चांगली-चांगले’ अशी रूपे होतात. ‘नाइस’ मात्र लिंगवचनानुसार बदलत नाही.

मराठीतील समांतर उदाहरण : संस्कृतातील ‘साहस’ शब्दाला बळजोरी व अविचार यांची छटा होती, मराठीत तो आज धाडसाच्या प्रशंसेसाठी योजला जातो.

यावरून ध्यानात घ्यावे की, शब्दाचा आजचा अर्थ जुन्या संहितेवर लादल्यास स्तुती व निंदा यांची अदलाबदल होते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : अर्थोत्कर्ष म्हणजे काय, ते ‘साहस’ शब्दाच्या आधारे स्पष्ट करा.