लॉगिनच्या दारातील परकी आज्ञा

दाखल्यांचे अर्ज, करभरणा, बँकेचे व्यवहार, परीक्षांची नोंदणी अशी अनेक कामे आता संगणकाच्या पडद्यावरून होत असतात. यांपैकी बहुतेक ठिकाणी नागरिकास प्रथम आपले नाव व पासवर्ड देऊन आत प्रवेश करावा लागतो. पासवर्ड अवघड असावा, तो कोणास सांगू नये, ही शिकवण एव्हाना सर्वांच्या परिचयाची झालेली आहे. तथापि पासवर्डला हातही न लावता खातेदाराच्या नावाने व्यवहार करण्याची एक रीत गेले पाव शतक संगणकतज्ज्ञांना सतावीत आली आहे. तिला क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग असे म्हणतात. २००० सालच्या प्रारंभी मायक्रोसॉफ्टमधील सुरक्षातज्ज्ञांनी हे नाव रूढ केले आणि त्याच वर्षी २ फेब्रुवारी रोजी अमेरिकेतील ‘सर्ट’ समन्वय केंद्राने तिच्याविषयीची सूचना प्रसृत केली. नाव काहीसे फसवे आहे. त्यावरून दोन संकेतस्थळांचा संबंध असलाच पाहिजे असे वाटते. प्रत्यक्षात तशी गरज नसते.

या प्रकाराचे मर्म कार्यालयीन व्यवहारातील उदाहरणाने ध्यानात येईल. एखाद्या कार्यालयात आलेला अर्ज लिपिकाने न वाचता जसाच्या तसा कार्यालयाच्या लेटरहेडवर उतरवून पुढे धाडला, आणि त्या अर्जाच्या मध्येच ‘पत्रवाहकाकडे कपाटाची किल्ली द्यावी’ असे वाक्य असले, तर ते वाचणारा शिपाई किल्ली देऊन मोकळा होईल. शिपायाचा त्यात दोष नाही. लेटरहेड खरे आहे, जावक क्रमांक खरा आहे. मजकूर मात्र परक्याचा आहे. संकेतस्थळ हे येथे कार्यालय होय आणि वापरकर्त्याच्या संगणकातील ब्राउझर हा तो आज्ञाधारक शिपाई होय.

ओळखीचा बिल्ला

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संभाषणाची मूळ पद्धत विसराळू आहे. प्रत्येक मागणी सर्व्हरच्या दृष्टीने नवीच असते. एकदा लॉगिन केलेल्या माणसास दर पानावर पासवर्ड विचारणे शक्य नसल्याने १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी योजलेली ‘कुकी’ वापरली जाते. पासवर्ड बरोबर ठरला की सर्व्हर एक लांबलचक, तर्काने शोधून काढता न येणारा क्रमांक ब्राउझरकडे देतो आणि पुढे प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर तो क्रमांक दाखवितो. बिल्ला ज्याच्या हाती तो आतला माणूस, असा हा साधा हिशोब आहे. पासवर्डच्या जोडीला भ्रमणध्वनीवर येणारा ओटीपी असला तरी यात फरक पडत नाही, कारण ओटीपीची तपासणी दारात होते आणि बिल्ला दार ओलांडल्यानंतर मिळतो.

१९९५ मध्ये त्याच कंपनीने पानातच आज्ञा लिहिण्याची जावास्क्रिप्ट ही भाषा आणली. एका संकेतस्थळाच्या आज्ञेने दुसऱ्याचा बिल्ला वाचू नये, यासाठी ‘ज्याचे मूळ एक त्यालाच मुभा’ असा नियम ब्राउझरांनी पाळावयास घेतला व तो आजही वेब-सुरक्षेचा कणा आहे. क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग हा नियम मोडीत नाही; तो पाळूनच घात करते. परकी आज्ञा बँकेच्याच पानातून आली, तर ब्राउझरच्या लेखी ती बँकेचीच ठरते.

गंमत अशी की, या प्रकाराला लॉगिनचे पान फार सोयीचे पडते. नाव चुकले की ‘अमुक नावाचा वापरकर्ता आढळला नाही’ असा संदेश दाखविण्याची प्रथा आहे. त्या ‘अमुक’च्या जागी वापरकर्त्याने टंकलेला मजकूर जसाच्या तसा परत छापला जात असेल, तर नावाऐवजी जावास्क्रिप्टची ओळ घातलेला दुवा बनवून कोणासही पाठविता येतो. दुव्यातील पत्ता अस्सल, पान अस्सल, कुलपाचे चिन्हही अस्सल. आत मात्र एक ओळ टंकलेला पासवर्ड तिसरीकडे पोहोचवीत असते. हा परावर्तित प्रकार झाला. अभिप्राय किंवा तक्रार म्हणून दिलेला असा मजकूर सर्व्हरने साठवून ठेवला, तर तो साठविलेला प्रकार होतो आणि मग दुव्याचीही गरज उरत नाही. जो ते पान उघडील तो सापडतो. तिसऱ्या प्रकारात सर्व काही ब्राउझरच्या आतच घडते व सर्व्हरच्या नोंदवहीत त्याची खूणही राहत नाही असे होऊ शकते.

साठविलेल्या प्रकाराचा वेग ४ ऑक्टोबर २००५ रोजी दिसून आला. सॅमी कामकर या अमेरिकन तरुणाने मायस्पेस या संकेतस्थळावरील आपल्या परिचयपानात एक संहिता ठेवली. पान पाहणाऱ्याच्या नावे ती कामकरला मैत्रीची विनंती पाठवी आणि त्या पाहणाऱ्याच्या पानात स्वतःची प्रत चिकटवी. मायस्पेसने ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द वर्ज्य केला होता. कामकरने तो मध्येच ओळ तोडून लिहिला आणि तत्कालीन काही ब्राउझरांनी तो जोडून वाचला! सुमारे २० तासांत १० लाखांहून अधिक खाती या जाळ्यात आली. यात कोणाचाही पासवर्ड चोरला गेला नव्हता. विनंती खरोखर वापरकर्त्याकडूनच येत आहे याची खात्री करण्यासाठी पानात दडविलेला गुप्त क्रमांकही ती संहिता आधी वाचून घेत असे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की, ‘परवानगी द्या’ असे बटण असलेल्या पानात परकी आज्ञा शिरली, तर ते बटण तीच दाबू शकते. एका संकेतस्थळाच्या खात्याने दुसरीकडे प्रवेश देणाऱ्या व्यवस्थांत तर अशा एका पानावर अनेक दारांची भिस्त असते.

अपाची प्रतिष्ठानातील घटना

याहून गंभीर घटना एप्रिल २०१० मध्ये अपाची सॉफ्टवेअर प्रतिष्ठानात घडली. जगातील असंख्य संकेतस्थळे ज्या सर्व्हर-प्रणालीवर चालतात, ती विकसित करणारी ही संस्था. तिच्या तक्रार-नोंदणी प्रणालीत, म्हणजे ‘जिरा’मध्ये, ५ एप्रिल रोजी एक नवी तक्रार दाखल झाली. काही प्रकल्प पाहताना त्रुटी येते, असे म्हणून सोबत आखूड केलेला दुवा दिला होता. तो दुवा जिरामधील क्रॉस-साइट स्क्रिप्टिंगच्या भगदाडाकडे नेणारा होता. तक्रार तपासणे हे कर्तव्यच असल्याने अनेक प्रशासकांनी तो उघडला व त्यांचे बिल्ले परहस्ते गेले. त्याच वेळी लाखो पासवर्ड लावून पाहण्याचा दांडगाईचा प्रयत्नही चालू होता. या दोहोंपैकी एक मार्ग ६ एप्रिलला सफल झाला आणि हल्लेखोरांना जिराचे प्रशासकीय अधिकार मिळाले.

पुढील पायऱ्या विशेष बोधप्रद आहेत. जोडपत्रे साठविण्याची जागा बदलून त्यांनी आपला कार्यक्रम सर्व्हरवर चढविला. ९ एप्रिलला लॉगिन करणाऱ्यांचे पासवर्ड टिपून ठेवणारा भाग बसविला आणि मग देखभाल करणाऱ्या सदस्यांना पासवर्ड बदलल्याची पत्रे खुद्द जिराकडूनच पाठविली. किरकोळ बिघाड असावा असे समजून सदस्यांनी तात्पुरत्या पासवर्डने आत येऊन पुन्हा आपला नेहमीचाच पासवर्ड ठेवला. त्यांतील एक पासवर्ड त्याच यंत्रावरील एका खात्याचाही होता आणि त्या खात्यास संपूर्ण यंत्रावर हुकूम चालविण्याचा अधिकार होता. एका दुव्यापासून निघालेला रस्ता चार दिवसांत तिजोरीपर्यंत गेला. तेथून हल्लेखोर दुसऱ्या मुख्य यंत्रावरही पोहोचले. परंतु तेथे त्यांना वरचे अधिकार मिळाले नाहीत. एकवार वापरावयाच्या पासवर्डांमुळे मोठी हानी टळली, अशी नोंद संस्थेने केली. हा सारा वृत्तांत संस्थेने काही दिवसांतच स्वतःहून प्रसिद्ध केला, ही गोष्ट अनुकरणीय म्हटली पाहिजे.

उपाय

घातक शब्दांची यादी करून ते गाळण्याचा उपाय किती तोकडा पडतो, हे मायस्पेसच्या उदाहरणावरून दिसतेच. खरा उपाय मजकूर बाहेर छापतानाच करावयाचा असतो. आज्ञेची सुरुवात दर्शविणारा कोनी कंस जसाच्या तसा न छापता त्याचे असे सांकेतिक रूप छापावे की, ब्राउझर तो केवळ अक्षर म्हणून दाखवील. मजकूर पानाच्या कोणत्या भागात जात आहे त्यानुसार हे रूप बदलते आणि अनुभवी मंडळीही येथेच चुकतात. आधुनिक साधने हे काम बहुतांशी आपोआप करतात. पण घाईत ती सोय बंद करणारेही असतात.

२००२ पासून कुकीवर अशी खूण करता येते की, ती जावास्क्रिप्टला वाचता येऊ नये. त्यामुळे बिल्ला चोरीस जात नाही. मात्र वापरकर्त्याच्या जागेवर बसूनच त्याच्या नावे काम करणाऱ्या आज्ञेस ही खूण अडवू शकत नाही. म्हणून कोणत्या ठिकाणाहून आलेल्या आज्ञा पाळाव्यात, हे ब्राउझरला आगाऊ कळविणारे धोरणही संकेतस्थळाने जाहीर करावे लागते. पैसे पाठविणे, पासवर्ड वा भ्रमणध्वनी क्रमांक बदलणे यांसारख्या कृतींपूर्वी पुन्हा ओळख पटवून घेणे इष्ट ठरते.

आपल्या देशात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अनधिकृत प्रवेश दंडनीय आहे. संकेतस्थळात शिरकाव करून घातक संहिता घातली गेल्यास ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेस ६ तासांच्या आत कळविण्याचे बंधन २८ एप्रिल २०२२ च्या निदेशांनी घातले आहे. ही मुदत घटना लक्षात आल्यापासून मोजली जाते. त्यामुळे सर्व्हरच्या नोंदी रोजच्या रोज कोण पाहतो, हा प्रश्न प्रत्येक कार्यालयास विचारता येण्याजोगा आहे. नागरिकाच्या हाती असलेली गोष्ट लहान आहे: काम संपताच खिडकी नुसती मिटू नये, ‘लॉगआउट’ करावे, म्हणजे सुरचित प्रणालीत तो बिल्ला सर्व्हरकडूनच रद्द होतो.